पिवळ्या स्कूटरवरचा अल्बम

१९८४ साली गोव्यातल्या कॅसेटच्या दुकानांसमोर एक पिवळी स्कूटर येऊन थांबू लागली. स्कूटरवरचा तरुण उतरायचा, ‘गोवन क्रेझी’ नावाच्या नव्या इंग्रजी अल्बमच्या कॅसेटी दुकानदाराच्या हवाली करायचा आणि पुढच्या गावाची वाट धरायचा. कॅसेटमधली गाणी त्यानेच लिहिली होती, चाली त्याच्याच होत्या. वाद्यं त्यानेच वाजवली होती. मुख्य आवाज त्याचा आणि मागून साथ करणारे आवाजही त्याचेच. ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग त्याने शिवोलीतल्या आपल्या घरात केलं होतं. वेष्टनाची मांडणीही त्याचीच. रेमो फर्नांडिस तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

आज कंपनीच्या आश्रयाशिवाय संगीत करणाऱ्यांना ‘इंडी’ म्हणतात. त्यांचे महोत्सव भरतात, त्यांची गाणी मोबाइलवर क्षणात पोचतात. १९८४ साली यातलं काहीच नव्हतं. मुंबई, कलकत्ता, बंगळूर, शिलाँग इथे रॉक वाजवणारे बँड होते, त्यांतले काही उत्तम होते, पण बहुतेकांची हयात परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवण्यात गेली. स्वतःची गाणी, घरचा स्टुडिओ आणि विक्रीही स्वतःच, हे तिन्ही एकत्र जुळवून आणणारा माणूस मुंबईत नाही, बार्देश तालुक्यातल्या एका गावात निघाला. हा योगायोग नव्हता. त्या गावातच त्या अल्बमचं बळ होतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी, भूम, कळंब भागातल्या वाचकाला हे सगळं लांबचं वाटू शकेल. इंग्रजी गाणी, गिटार, समुद्रकिनारा यांचा बालाघाटाच्या डोंगररांगांशी काय संबंध? पण १९८०च्या दशकातली येरमाळ्याची चैत्री यात्रा किंवा तुळजापूरची नवरात्रातली गर्दी आठवून पाहावी. दुकानादुकानांतून देवीच्या गाण्यांच्या कॅसेटी वाजत असत. संबळ, तुणतुणं, एक मुख्य आवाज आणि मागे झील धरणारे. त्या गाणाऱ्यांतल्या कित्येकांना ग्रामोफोनच्या जमान्यात कंपनीच्या दारातही कोणी उभं केलं नसतं. येडेश्वरीचं गाणं येरमाळ्यात विकणारा गोंधळी आणि गोव्याचं गाणं गोव्यात विकणारा रेमो, दोघांच्याही हाताशी एकच वस्तू होती. खिशात मावणारी, कुठेही नक्कल करता येणारी कॅसेट.

फिलिप्स कंपनीने ही कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. भारतात तिचं राज्य सुरू झालं ते १९८०च्या आसपास. त्याआधी रेकॉर्ड म्हणजे तबकडी, आणि तबकडी काढायची तर कारखाना हवा. एवढं भांडवल मोजक्या कंपन्यांकडे होतं, आणि त्यांत एचएमव्हीचा दबदबा इतका की काय ध्वनिमुद्रित व्हावं याचा निर्णय जवळजवळ तिथेच होई. कॅसेटने तो निर्णय विखरून टाकला. नक्कल करायची यंत्रं स्वस्त झाली, गुलशन कुमारांच्या सुपर कॅसेट्सने बाजार उलटापालटा केला, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज एसटीच्या थांब्यांवरच्या टपऱ्यांतून घुमू लागले. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने या उलथापालथीवर ‘कॅसेट कल्चर’ हा ग्रंथ लिहिला, तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. भजनं, कव्वाल्या, लोकगीतं, प्रादेशिक बोलींतली गाणी यांना कॅसेटने कसं दार उघडलं, हे त्यात विस्ताराने आलं आहे. रॉकसाठी ते दार कोणी उघडलं असेल तर ते रेमोने.

रेमोचा जन्म ८ मे १९५३चा. गोव्यातली पोर्तुगीज सत्ता संपली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. शिवोली हे शापोरा नदीकाठचं गाव. सांजावला, म्हणजे २४ जूनला, सजवलेल्या होड्या इथे नदीतून येतात आणि पावसात भिजत माणसं गातात. नाताळानंतरच्या दिवसांत इथे हिंदू आणि ख्रिस्ती मिळून रात्रभराचा जागर करतात. गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवलं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे वादक-संयोजक याच परंपरेतून मुंबईला गेले आणि हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ त्यांनी घडवला. मांडो, दुलपद, देखणी हे गीतप्रकार घराघरांत होते. अशा गावात वाढलेल्या मुलाला एल्व्हिस आणि बीटल्स रेडिओवरून भेटले तेव्हा ते परके वाटले नसावेत. गिटार घरात होतीच, सूरही ओळखीचे होते.

शाळेच्या वयातच त्याचा बँड झाला. पुढे तो वास्तुशास्त्र शिकायला मुंबईला आला आणि ‘सॅव्हेजेस’ या तिथल्या नावाजलेल्या बँडमध्येही वाजवून आला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकला, ‘रॉक सिनर्जी’ नावाच्या बँडबरोबर तिकडे वाजवलं. तिथेच राहिला असता तर युरोपातल्या शेकडो वादकांपैकी एक झाला असता. तो परत आला, आणि परत आला तो मुंबईला नाही, शिवोलीला. त्याच्या पुढच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा निर्णय हाच मानायला हवा. त्या काळी संगीतात काही करून दाखवायचं तर मुंबई गाठायची, ही गोव्यातल्या वादकांची तीन-चार पिढ्यांची रीत होती. रेमोने ती मोडली.

मोडता आली, याचं एक कारण यंत्र. टीॲक या जपानी कंपनीने १९७९ साली ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचं उपकरण बाजारात आणलं. साध्या कॅसेटच्या फितीवर चार वेगवेगळे ध्वनी शेजारी शेजारी नोंदवायची सोय त्यात होती. नेहमीच्या कॅसेटमध्ये एका बाजूला दोन आणि फिरवून दुसऱ्या बाजूला दोन असे मार्ग असतात. पोर्टास्टुडिओ ते चारही एकाच दिशेने वापरतो आणि फीत दुप्पट वेगाने पळवतो, म्हणजे आवाज अधिक स्वच्छ उतरतो. एकाच वावरात चार पट्टे पाडून प्रत्येकात निराळं पीक घ्यावं, तसं. पहिल्या पट्ट्यात ताल, दुसऱ्यात बास, तिसऱ्यात गिटार. मग हे तिन्ही चौथ्यावर एकत्र उतरवायचे, पहिले तीन मोकळे झाले की त्यांवर की-बोर्ड, बासरी, आवाज. या प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर थोडी वाढते आणि एकदा एकत्र केलेलं पुन्हा सुटं करता येत नाही. म्हणजे बासचा आवाज शेवटी किती ठेवायचा, याचा निर्णय गाणं गायच्या आधीच घ्यावा लागतो. ज्याच्या डोक्यात संपूर्ण गाणं आधीच वाजत असतं त्यालाच हे साधतं. रेमोला साधलं.

त्याच सुमारास अमेरिकेतही एक मोठा गायक हेच उपकरण घेऊन बसला होता. ३ जानेवारी १९८२ रोजी न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात ब्रूस स्प्रिंगस्टीनने पोर्टास्टुडिओवर बरीचशी गाणी उतरवली. ती कच्ची नोंद होती. खरं ध्वनिमुद्रण पुढे बँडबरोबर स्टुडिओत व्हायचं होतं. स्टुडिओत ते झालंही, पण घरच्या फितीतला एकटेपणा काही केल्या परत येईना. शेवटी खिशात आठवडेच्या आठवडे डबीशिवाय फिरलेली ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने सप्टेंबर १९८२मध्ये अल्बम म्हणून निघाली. स्प्रिंगस्टीनपाशी कोलंबियासारखी बलाढ्य कंपनी होती, जगातला कुठलाही स्टुडिओ त्याला मिळाला असता. त्याने घरची फीत निवडली. रेमोपाशी निवडायला दुसरं काही नव्हतं. दोन्ही अल्बम ऐकताना कान एका गोष्टीपाशी थांबतात: माणूस आपल्याच खोलीत, आपल्याच माणसांविषयी, कोणाला न घाबरता गातो आहे.

मुंबईच्या कंपन्यांना ‘गोवन क्रेझी’त रस नव्हता. त्यांचं गणित समजण्यासारखं होतं. हिंदी चित्रपटांची गाणी, गझल, ‘आप जैसा कोई’नंतर उसळलेला डिस्को, भक्तिगीतं यांना गिऱ्हाईक होतं. भारतीय माणसाने लिहिलेली इंग्रजी गाणी कोण विकत घेणार? ज्याला इंग्रजी गाणी हवीत तो परदेशी अल्बम घेईल, असं तो धंदा सांगत होता. मग पिवळी स्कूटर निघाली.

या स्कूटरची गोष्ट आज गोव्यात दंतकथेसारखी सांगितली जाते आणि ती सांगताना सगळा भर गमतीवर असतो. पण विक्रीचं हे काम अल्बमचा अर्धा भाग होतं. गावोगावच्या दुकानदारांना भेटणारा गायक कोणती कॅसेट संपली, कोणती पडून राहिली, कोणतं गाणं दुकानात पुन्हा पुन्हा लावायला सांगतात, हे थेट ऐकतो. कंपनीच्या गायकाला हे वर्षाच्या शेवटी हिशोबाच्या आकड्यात कळतं, तेही कळलं तर. गोवा लहान होता हेही रेमोच्या पथ्यावर पडलं. एका स्कूटरच्या टप्प्यात संपूर्ण बाजारपेठ बसत होती. एवढ्या छोट्या मुलखात अल्बम गाजायला जाहिरात लागत नाही. एका तिठ्यावरच्या दुकानात वाजलं की संध्याकाळपर्यंत गावाला ठाऊक होतं.

आणि गाजला. ऐकणाऱ्यांना त्यात स्वतःचं इंग्रजी ऐकू आलं, गोव्यात बोललं जातं ते, त्याच हेलांचं. रेमोच्या या सुरुवातीच्या काळातल्या गाण्यांचे विषय पाहावेत. किनाऱ्यावरचे हिप्पी, लागता लागत नसलेला टेलिफोन, मंत्री, अमली पदार्थ, गोव्याच्या माणसाचं ऐन दुपारचं सुस्तावणं. तक्रारी नेहमीच्याच होत्या, चहाच्या टेबलावरच्या. त्यांना ताल मिळाला, त्या गाता येऊ लागल्या. तोवर भारतातलं बरंचसं इंग्रजी रॉक न्यूयॉर्क-लंडनच्या रस्त्यांवरचं दुःख गात होतं, जे गाणाऱ्याने पाहिलेलंच नसे. रेमोने टेलिफोन खात्यावर गाणं केलं आणि लोक खळखळून हसले, कारण तो टेलिफोन त्यांच्या घरात होता.

पुढच्याच वर्षी, १९८५मध्ये, ‘ओल्ड गोवन गोल्ड’ आला. गोव्याची जुनी पारंपरिक गाणी नव्या वाद्यमेळात. स्वतःच्या गाण्यांवर नाव झालं की बहुतेक गायक त्याच वाटेने आणखी एक पाऊल टाकतात. रेमो एक पाऊल मागे, आजी-आजोबांच्या गाण्यांकडे गेला. ही चाल हिशोबी असेल-नसेल, तिने त्याला घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत नेलं. गिटारवाल्या पोरांचा गायक आता घरातल्या सगळ्यांचा झाला. १९८६चा ‘पॅक दॅट स्मॅक’ हेरॉइनच्या विळख्याविरुद्ध होता. गोव्याच्या किनारपट्टीवर हा विषय वर्तमानपत्रातला राहिला नव्हता, तो शेजारच्या घरात पोचला होता. १९८७ साली ‘बॉम्बे सिटी’ आला तेव्हा रेमोचं नाव गोव्याबाहेर सर्वत्र झालं होतं.

बाहेरची दारं उघडण्यात सिनेमाचा हात होता. श्याम बेनेगल गोव्यातल्या लोटलीत, मारिओ मिरांडा यांच्या वाड्यात ‘त्रिकाल’ चित्रित करत होते. पोर्तुगीज अंमलाच्या अखेरच्या दिवसांतल्या एका गोमंतकीय घराण्याची ही कथा. वनराज भाटियांच्या संगीताबरोबर त्यात रेमोची गाणी आली. १९८७च्या ‘जलवा’ने तर त्याचा आवाज देशभर नेला. त्याच सुमारास गोव्यातल्या एका कार्यक्रमात त्याने पंतप्रधान राजीव गांधींसमोर ‘हॅलो राजीव गांधी’ गायलं. पंतप्रधानांना गाण्यातून एकेरी, मित्रासारखं संबोधून गोव्याची गाऱ्हाणी मांडणं काही पुढाऱ्यांना झोंबलं, वर्तमानपत्रांत उलटसुलट लिहिलं गेलं. राजीव गांधींनी मात्र पत्र पाठवून गाणं आवडल्याचं कळवलं. ४ फेब्रुवारी १९८७ला कोकणीला राजभाषेचा दर्जा आणि ३० मे १९८७ला गोव्याला राज्याचा दर्जा, हे सगळं त्याच वर्षातलं. आपण कोण, याचा शोध गोवा मोठ्या आवाजात घेत होता आणि त्या गलक्यात रेमोचा आवाज सहज मिसळला.

आता मुंबईकडे वळायला हवं, कारण तिथली गोष्ट जवळपास उलटी आहे.

मुंबईत रॉकची सुरुवात रेमोच्या खूप आधीची. १९७० आणि १९७१ साली सिगारेट कंपनीच्या पैशांवर ‘सिमला बीट’ स्पर्धा झाल्या. देशभरातले बँड षण्मुखानंद सभागृहात येऊन वाजवून गेले, निवडक गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. जुन्या तबकड्यांचे जगभरातले संग्राहक आज त्यांच्यामागे धावतात. त्यानंतरच्या काळात मुंबईत ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ हा बँड गाजला. त्यांचा एकच अल्बम, ‘ऑब्सेशन ’७७’. मूळच्या रचना आणि पाश्चात्त्य गाण्यांच्या आवृत्त्या असा त्याचा ऐवज. निघाला आणि विरून गेला. २०११ साली लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ या कंपनीने तो पुन्हा काढला, तेव्हा परदेशातल्या रसिकांनी सत्तरीतल्या भारतीय रॉकचा दुर्मीळ नमुना म्हणून त्याचं कौतुक केलं. वाजवणाऱ्यांच्या तारुण्यात मिळायला हवी होती ती दाद तीसेक वर्षांनी, दुसऱ्या खंडातून आली. कौशल्यात हे वादक कुठेही कमी नव्हते. त्यांचं वादन ऐकून कोणालाही ते पटेल. पण त्या अल्बममध्ये मुंबई शोधायला गेलं तर फारशी सापडत नाही.

पुढची पिढी ‘रॉक मशीन’ची. १९८४ साली, म्हणजे ‘गोवन क्रेझी’च्याच वर्षी, हा बँड मुंबईत उभा राहिला. महेश टिनईकर, मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस, झुबिन बालापोरिया आणि पुढे गायक म्हणून उदय बेनेगल. कॉलेजांच्या महोत्सवांत आणि धोबी तलावच्या रंगभवनात त्यांच्या कार्यक्रमांना तुडुंब गर्दी होई. रंगभवन हे उघडं नाट्यगृह. जॅझ यात्रा तिथेच व्हायची, रॉकची मोठमोठी संमेलनंही तिथेच. शेजारी रुग्णालयं आणि महाविद्यालय असल्याने शांतता क्षेत्राचे नियम लागू झाले आणि या शतकाच्या सुरुवातीला तिथला आवाज बंद पडला. मुंबईतल्या रॉकचं त्याने झालेलं नुकसान अजून भरून आलेलं नाही.

‘रॉक मशीन’चा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा पहिला अल्बम सीबीएस कंपनीने १९८८ साली काढला. सगळी गाणी स्वतःची. श्रोत्यांनी परदेशी गाण्यांची फर्माईश करण्याच्या त्या काळात हे धाडस होतं आणि त्याला मान द्यायलाच हवा. कॉलेजच्या पोरांनी कॅसेट विकत घेतली, एकमेकांना दिली, गाणी पाठ केली. १९९०मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा अल्बम आला. पण कॉलेजच्या फाटकाबाहेर तो फारसा गेला नाही. आकाशवाणी-दूरदर्शनवर असल्या संगीताला जागा नव्हती, आणि कंपनीसाठी हा बँड हिंदी गाण्यांच्या मोठ्या धंद्याच्या कडेचा एक छोटा प्रयोग होता. मुंबईतल्या ज्या चाळींत, कॉलन्यांत या वादकांचे शेजारीपाजारी राहत, त्यांच्या आयुष्याचा मागमूस गाण्यांत नव्हता. संगीत कसदार, सफाईदार. ते कुठेही तयार होऊ शकलं असतं, आणि म्हणूनच ते आपलं आहे असं कोणा एका गावाला वाटलं नाही.

हे त्या वादकांनाही जाणवलं असावं, कारण १९९३ साली त्यांनी बँडचं नावच बदलून ‘इंडस क्रीड’ केलं, सिंधूचं नाव घेतलं. उपग्रह वाहिन्या आल्या होत्या, एमटीव्हीवर त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ची दृश्यफीत सतत दिसे, आणि १९९३च्या एमटीव्ही पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा मान तिला मिळाला. १९९५ला ‘इंडस क्रीड’ हा अल्बम आला, त्यात भारतीय वाद्यांचे रंगही मिसळू लागले होते. आता कुठे हा बँड आपल्या पायाखालची जमीन चाचपू लागला होता, आणि १९९७मध्ये तो फुटला. २०१०ला पुन्हा एकत्र येऊन त्यांनी २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ काढला. नाव बदलून, थांबून, पुन्हा उभं राहण्याची ही चिकाटी मोठी. पण तेरा वर्षांची ती मधली पोकळी मुंबईच्या रॉकला महागात पडली.

मराठीचं काय? इथे नंदू भेंडे आठवायला हवेत. आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यकलावंत दांपत्याचा हा मुलगा सत्तरच्या दशकात मुंबईत रॉक गात होता, ‘वेलव्हेट फॉग’ या बँडचा तो आवाज. १९७४ साली अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्यूडास उभा केला. आणि १९७८मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने, जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली, पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणलं, त्यात नंदू भेंडे अंकुश होते. ब्रेख्तच्या नाटकाचं ते पुलंनी केलेलं मराठी रूप. त्यात नाट्यगीत होतं, लावणी होती, आणि नंदू भेंडेंच्या गळ्यातून रॉकही होतं. मराठी प्रेक्षकाने ते सगळं एका बैठकीत स्वीकारलं. मराठीला रॉक पेलेल का, या प्रश्नाचं उत्तर त्या रंगमंचावर मिळालं होतं: पेलतं, जोरकसपणे पेलतं. पण त्या उत्तराचा पाठपुरावा करणारा एकही मराठी अल्बम त्या दशकात झाला नाही. नंदू भेंडे २०१४ साली गेले. त्यांच्याकडे आवाज होता, भाषा होती, नाटकाचा प्रेक्षक होता. शिवोलीसारखी एक खोली आणि चार मार्गांची फीत १९७८ साली मिळाली असती तर, हा विचार मन सोडत नाही.

जमीन सापडली की रॉक काय करू शकतं, याचं भारतातलं सगळ्यात मोठं उदाहरण दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चं. अशीम चक्रवर्ती, सुश्मित सेन, राहुल राम, अमित किलम यांचा ‘कंदिसा’ हा अल्बम २०००मध्ये टाइम्स म्युझिकने काढला. त्यातलं शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतलं, ‘हिल्ले ले’ हे गोरख पांडे यांचं, आणि ‘मा रेवा’ हे नर्मदेचं गाणं. राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काही वर्षं काम करत होते. त्याच खोऱ्यात, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर, तेव्हा पाणी चढत होतं. बासगिटारच्या भक्कम तळावर नदीला हाक मारणारं ते गाणं इंग्रजी न येणाऱ्या श्रोत्यांपर्यंत पोचलं, आणि दोन दशकांनंतरही त्यांच्या कार्यक्रमांत लोक ते मागतात. अमेरिकेतल्या कॉर्नेलमधून डॉक्टरेट घेऊन आलेल्या माणसाने खोऱ्यात काढलेली वर्षं त्या अल्बममध्ये मुरली आहेत.

रेमोच्या अल्बमांना मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. एकाच माणसाने एकेक वाद्य वाजवून रचलेल्या गाण्यात वादकांची आपसातली चढाओढ येत नाही. ढोलवाला अचानक पुढे सरकला, गिटारवाल्याने त्याला अडवलं, असं जे बँडमध्ये घडतं ते इथे घडूच शकत नाही. काही गाण्यांतली थट्टा त्या वर्षापुरती होती. टेलिफोन लागू लागला आणि तिची धार गेली. पुढे त्याने ‘मायक्रोवेव्ह पापडम्स’ हा बँड बांधला तेव्हा त्याच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांना वेगळीच उसळी आली. १९९५च्या ‘बॉम्बे’मधल्या ए. आर. रहमान यांच्या ‘हम्मा हम्मा’ने तो देशाच्या घराघरांत गेला, आणि अनेकांसाठी रेमो म्हणजे तेवढंच गाणं उरलं. २००७ साली त्याला पद्मश्री मिळाली, २०२१मध्ये आत्मचरित्र आलं. या सगळ्या कीर्तीत १९८४ची ती कॅसेट मागे पडली. ती पुढे आणायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आज पोर्टास्टुडिओची जागा मोबाइलने घेतली आहे. चार काय, चाळीस मार्ग फुकट मिळतात. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड बास, गिटार आणि ड्रमच्या साथीने संतांचे अभंग गातो आणि कॉलेजची मुलं त्यावर ताल धरतात. आपल्या जिल्ह्याकडे तर तेरचे गोरोबाकाका आहेत, तुळजापूर-येरमाळ्याचा संबळ आहे, लग्नाच्या वरातीत छातीत घुमणारी हलगी आहे. संबळ आणि हलगी यांचा आघात बासगिटारशी जुळवायला फार कसरत करावी लागत नाही. दोघांनाही मोकळं मैदान आणि मोठा आवाज लागतो.

वाशीतल्या पोरांनी असा अल्बम करायचा ठरवला तर अडचणी सोप्या आणि रोजच्या असतील. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून भिंतींना वाकळा आणि गोधड्या टांगाव्या लागतील. गिरणी बंद झाल्यावर, रात्री उशिरा गायला बसावं लागेल, आणि तेव्हाही वीज असेलच असं नाही. हलगी आणि आवाज एकाच वेळी घेतले तर हलगी आवाजाला गिळते, म्हणून हलगी आधी, एकटीच घ्यावी लागेल. गाण्यांना विषय शोधत मात्र दूर जायला नको. पहाटे पेटणाऱ्या खव्याच्या भट्ट्या, तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यांत दारू भरणाऱ्या बाया, दिवाळी सरताच उसाच्या फडाकडे निघणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि मागे आजीपाशी राहिलेली त्यांची लेकरं, सोयाबीनच्या भावावरून कळंबच्या बाजारात होणारी हुज्जत. यांतल्या एकाही गोष्टीवर अजून गिटार वाजलेली नाही, आणि ती वाजली तर ऐकणारी पहिली माणसं पारगाव आणि येरमाळ्यातच बसलेली आहेत.